फुलटोच्या आणि हलणारा हात

बाबा,

फूल आपोआप उमलतं, असं मी पन्नाशी उलटेपर्यंत समजत होते. तूही तसंच समजत असशील. देवळाच्या आवारातली फुलं तू पहाटे खुडायचास, ती सगळी आपली आपण उमललेली. पण आंब्यावर जे बांडगूळ येतं ना, जे तू काठीला कोयता बांधून कापायचास आणि कापताना ज्याला मनसोक्त शिव्या घालायचास, त्याची कळी तशी उमलत नाही. ती पिकते, बोटाएवढी लांब होते, नारिंगी-तांबडी, टोकाशी हिरवट, मध्ये जराशी फुगलेली, आणि मिटलेलीच थांबून राहते. मग एक पाखरू येतं, आपल्या अंगणातल्या झाडाच्या आंबट बिंबलाएवढं, त्याहून मोठं नाही. ते कळीचं टोक चोचीत धरून हलकेच दाबतं आणि कळी फटकन उघडते. आतले पराग पाखराच्या कपाळावर उडतात, पाखरू मध पितं, पुढच्या कळीकडे जातं. मी हे लेन्समधून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. घरी येऊन कोणाला सांगावं, तर सगळ्यात आधी तूच आठवलास, आणि तुला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. आज शनिवार, कचेरीला सुट्टी आहे, आमचे हे बाजारात गेले आहेत. ते येईपर्यंत लिहिते. अक्षर वाकडंतिकडं येतंय, ते तू तरी समजून घेशील. तुझा हातही असाच हलायचा.

कॅमेरा माझ्याकडे कसा आला ते आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील, फायली चाळणारी माझी बाय पाखरांच्या मागे कधी लागली. आमचा मुलगा जहाजावर नोकरीला लागला. हौसेने घेतलेला कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स त्याने मेजावर ठेवली आणि बुरशी धरू नये म्हणून अधूनमधून बाहेर काढ, एवढं सांगून तो गेला. पावसाळ्यात आपल्याकडे चपलांनाही बुरशी येते, तिथे काचेची काय कथा. म्हणून मी ती ऊन दाखवायला काढायचे, पापड वाळत घालावेत तशी. एकदा जनेलात बसून सहज डोळ्याला लावली, तर समोरच्या शेवग्यावर शिंजीर. त्याला मी रोज बघत होते, म्हणजे बघते असं मला वाटत होतं. काळं काहीतरी इवलंसं, फुलात चोच घालणारं. लेन्समध्ये त्याने मान वळवली आणि त्या काळ्याचं एकदम निळं-जांभळं झालं, छातीवर ठिणगीसारखं काही पेटलं. पुन्हा मान वळवली आणि परत काळा. मी तिथेच बसून राहिले. कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष राहिलं नाही आणि डाळीचा लगदा झाला. यांनी जेवताना विचारलं, आज ही कसली आमटी? मी म्हटलं, पाखराची. बिचारे हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले.

तेव्हापासून रविवारी उजाडता उजाडता मी बाहेर. कधी धारगळच्या शेतांत, कधी मांद्रेच्या बाजूला किनाऱ्याच्या मागे जी झाडी उरली आहे तिथे, आणि घरापासून जवळ म्हणून मुळगावात. मी काय काय पाहिलं ते सांगत बसले तर कागद पुरायचे नाहीत. शिंपी पक्षी पानाच्या कडेला चोचीने भोक पाडून त्यातून कापसाचा धागा ओढतो, आणि धागा मागे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला गाठीसारखा बोंडूक करतो. त्याला हे शिकवलं कोणी? तिबोटी खंड्या ओढ्यावरच्या फांदीवर बसला होता, निळा, पिवळा, जांभळा, तांबडा, इतके रंग एका मुठीत मावणाऱ्या जिवाला देवाने का दिले असतील, असं मला वाटलं, आणि मग वाटलं, का देऊ नयेत. हे सगळं आपल्याच आवारात चाललेलं होतं, बाबा. आपण त्याच्याखाली बसून आयुष्यभर भांडी घासली, सुपाऱ्या सोलल्या, भांडलो, जेवलो, आणि मान वर करून पाहिलं नाही. मला याचं वाईट कमी वाटतं आणि नवल जास्त वाटतं. इतकं उरलंय अजून बघायला, असं वाटतं.

ही लहान पाखरं एका जागी टिकत नाहीत. स्टँड उभा करून त्यावर लेन्स बसवून स्क्रू आवळेपर्यंत पाखरू शेजारच्या वाडीत गेलेलं असतं. त्यामुळे सगळा कारभार हातावर. सोललेल्या तीन-चार नारळांचं वजन डोळ्यासमोर धरायचं, डावा तळवा लेन्सच्या खाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून, श्वास सोडून झाला की पुढचा घेण्याआधी बटण दाबायचं. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी कोपरं आपली आपण बरगड्यांशी गेली, आणि मग कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ही उभं राहायची तऱ्हा तुझी आहे.

तू सातेरी देवीच्या पाषाणासमोर असाच उभा राहायचास. कोणाच्या मुलीचं लग्न जुळत नाही, कोणाची गाय सापडत नाही, कोणाला विहीर कुठे खणावी ते कळत नाही, की माणसं कौल घ्यायला यायची. तू भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायचास, नुसत्या पाण्याने. कोपर बरगडीला, श्वास सोडलेला, आणि बोटाचं टोक पाकळीवरून असं उचलायचास की पाकळीला कळूही नये. मग गाऱ्हाणं घालून बाजूला व्हायचास आणि सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर. उजवी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. कधी लगेच, कधी दिव्याची वात दोनदा सारावी लागे तरी काही नाही. मी खांबाला टेकून बसलेली असायचे. एकदा कोणाच्या तरी आजारपणाचा कौल होता आणि उजवी पडावी म्हणून मी डोळे ताणून तिच्याकडे बघत होते, श्वास कोंडून, दातओठ खाऊन. तू माझ्याजवळ आलास आणि कानाशी म्हणालास, "नजरेन ढकलू नको गो बाय. ती पडाची तेवा पडतली." तेव्हा मला राग आला होता. नुसतं बघायलाही बंदी म्हणजे काय, असं वाटलं होतं.

मी लग्न होऊन डिचोलीला गेले आणि त्यानंतर तुझा हात हलायला लागला. आधी चहाचा कोप बशीवर वाजायचा. तू बशी बंद केलीस. मग आमटीची वाटी तोंडाला लावून प्यायला लागलास. हे सगळं घरातलं घरात निभावलं, पण देवळात कसं निभावणार? तुझ्या पाकळ्या आता चटकन पडायच्या. कोणाची हो म्हणून पडली तर तो खूश, पण ज्याची नाही म्हणून पडली तो तुझ्या हाताकडे बघत घरी जायचा. गावात कुजबुज सुरू झाली आणि एकदा एका वयस्कर गांवकाराने देवळाच्या चौकात तुला तोंडावरच ऐकवलं, "तुझो हात हलता, मगे पाकळी पडतलीच. देवी खय बोलली?" मग गावाने बसून ठरवलं की ह्याच गुरवाने सेवा करावी की नाही, हे देवीलाच विचारू.

इथवर ठीक होतं. पण पाकळ्या लावणार कोण, हा विचार दिवस ठरून मंडळी जमेपर्यंत कोणाच्या डोक्यात आला नाही. देवीला हात लावायचा मान दोनच घरांचा. दुसरं घर तुझ्या चुलतभावाचं, आणि तू सेवा सोडलीस तर ती जाणार त्याच्याकडे. मग त्याच्या हातचा कौल कोण मानणार? तिसऱ्या कोणाला गाभाऱ्यात पाऊल टाकता येत नाही. राहिलास तू. ज्या हाताबद्दल देवीला विचारायचं, त्याच हाताने पाकळ्या लावायच्या. असली चूक आपल्याच गावाने करावी. मी त्या दिवशी माहेरी आले होते, बायकांच्या बाजूला बसले होते, आणि आता हे परत फिरतील, काहीतरी दुसरं ठरवतील, असं मला वाटत होतं. कोणी उठलं नाही. तू आत गेलास. उजवा हात पदराखाली, म्हणजे उपरण्याखाली, धरायची तुला सवय लागली होती. त्या दिवशी तू तो बाहेर काढलास, वर केलास, समईच्या उजेडात सगळ्यांना दिसेल असा. तो हलत होता. मग गाऱ्हाणं घातलंस, मोठ्याने: "बा आई, हात ह्यो असो आसा. सगळ्यांक दिसता. तुका काय सांगाचा आसा ता ह्याच हातातसून सांग."

पाकळ्या लावून तू बाजूला झालास, आणि जवळजवळ लगेच उजवी पडली. देवीने तुला ठेवलं होतं. पण सगळे जमिनीकडे बघत बसले, कारण ती इतक्या लवकर पडली की तिच्यावर विश्वास ठेवावा की ठेवू नये हे कोणाला कळेना. तू पाकळी उचललीस, कपाळाला लावलीस, बाहेर येऊन माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, घे, माळ. मी ती केसांत खोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गाभाऱ्याच्या चाव्या चुलतभावाच्या घरी देऊन आलास. मी तुझ्याशी भांडले, आठवतं? देवीने हो म्हटलं होतं, मग का सोडलंस, लोकांना एवढा का भ्यालास, असं बरंच काही बोलले. तू पोईचा पाव चहात बुडवत होतास. ऐकून घेतलंस आणि मग म्हणालास, "देवीन रव सांगितल्यान. पण लोकांक संशय इलो. संशय घेवन तेंनी विचारूचा कोणाक?" एवढंच, आणि पुन्हा पोई खायला लागलास.

त्यानंतर तू कौलाच्या वेळी पाठीमागे, माणसांत बसायला लागलास. मी दिवाळीला आले तेव्हा तुला तसं बसलेलं पाहिलं. पुढे चुलतकाकांनी पाकळ्या लावल्या होत्या आणि तू मागे बसून बघत होतास, तोंड जरासं उघडं, लहान मूल दशावतारातल्या संकासुराला बघतं तसा. पाकळी घसरायला लागली. ती एकदम पडत नाही, आधी वरची कड सुटते, मग पाणी तिला धरून ठेवतं, मग ती अंगावरून खाली यायला लागते. तू माझ्याकडे वळून म्हणालास, "इतकी वर्सां लावीत रवलंय. बघूक आता गावता." मला वाटलं, म्हातारा आपली समजूत काढतोय. मला रडू आलं होतं, ते मी समईच्या धुरावर ढकललं.

आता माझं. गेल्या वर्षी मला वाटलं की लेन्स बिघडली. फोटो पुसट यायला लागले. दुकानात दाखवली, दुकानदार म्हणाला, लेन्स ठणठणीत आहे. मग मी एका सकाळी आरशासमोर दोन्ही हात पुढे धरून पाहिले, तर उजव्याच्या बोटांना बारीक कंप. डॉक्टरने तपासलं, कागदावर गोल वेटोळं काढायला सांगितलं. माझं वेटोळं सुतरफेणीसारखं आलं. त्यांनी विचारलं, घरात कोणाला होतं का? म्हटलं, वडिलांना. ते म्हणाले, मग हे त्यांचंच. जिवाला धोका नाही, पण हळूहळू वाढत जाईल, काही धरलं की जास्त दिसेल. दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा खरं सांगायचं तर मला भीती वाटली आणि त्याच वेळी कोणीतरी परत पाठवलेल्या वस्तूसारखा तू घरी आलास असं वाटलं. मी यांना काही सांगितलं नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. पाखरं बघणाऱ्या आमच्या मंडळीचा एक गट आहे, त्यांच्याबरोबर गेले तर सगळ्यांच्या मागे, कडेला उभी राहते, कोणाला हात दिसू नये म्हणून. आणि मनात एकच हिशेब धरून बसले की हात पुरता जायच्या आत ते फूल उघडतानाचा फोटो मला मिळाला पाहिजे.

मुळगावात एक कुळागर आहे, पलीकडे खाणीचा ढीग, अलीकडे पोफळी आणि माड. मालकीण माझ्याच वयाची, तिला मी वयनी म्हणते. तिच्या कुंपणाशी एक जुना आंबा, बांडगुळाने भरलेला. फुलटोच्या तिथे येतो, तेच ते बिंबलाएवढं पाखरू. त्याला रंगरूप म्हणशील तर काही नाही, मळखाऊ कापडासारखा रंग, चोच फिकट. त्याला बघून कोणी थांबणार नाही. तो बांडगुळाची फळंही खातो, आणि मग शेपूट फांदीवर घासतो, कारण बी चिकट असतं, पोटातून आलं तरी सुटत नाही, ते फांदीला पुसावं लागतं. ते तिथेच चिकटून राहतं आणि तिथेच रुजतं. म्हणजे तू कोयत्याने कापत होतास ते सगळं असं एवढ्याशा पाखराने पुसून पुसून पेरलेलं होतं. घरात बसून खाणाऱ्या आपल्या पाहुण्याला तू बांडगूळ म्हणायचास. खरंच सांगते, बांडगूळ एवढं कष्टाने लावलं जातं हे माहीत असतं तर तू दुसरी शिवी शोधली असतीस.

किती रविवार मी त्या आंब्याखाली बसले. कळीला चोच लागली की ती उघडलेलीच असते. मधलं काही डोळ्याला सापडत नाही. आणि मला सापडलं तरी हात हलायचा आणि सगळं पुसट. शिगमो झाल्यावर वयनीने सांगितलं की सोमवारी माणूस येतोय, बांडगूळ काढून टाकणार, आंबा धरत नाहीये. राहू दे, असं मी म्हटलं नाही. तिचं वर्षाचं पीक त्या झाडांवर आहे, मी तिच्या जागी असते तर कधीच काढलं असतं. एवढंच विचारलं की रविवारी येऊ का. ती म्हणाली, यो मगे.

त्या रविवारी हात फार वाईट होता. लेन्स वर केली की पानं, फांद्या, आभाळ, सगळं नाचायला लागायचं. फुलटोच्या आला, चिक चिक करत, आणि एका घोसावर कळीमागून कळी दाबत सुटला. मी बटण दाबत होते आणि प्रत्येक वेळी आधी दाबत होते. कळीने उघडावं, आत्ता उघडावं, असं मनात म्हणत होते, दातओठ खात. आणि माझं मलाच हसू आलं, कारण मी नजरेने ढकलत होते. मग मी लेन्स खाली घेतली, कोपरं बरगड्यांना लावली, श्वास सोडला, आणि हात हलतोय तर हलू दे म्हणून पुन्हा वर केली. त्याला थांबवायचा नाद सोडला. पाखरू एका कळीपाशी आलं. मी बटण दाबून धरलं.

फोटो असा आहे. चोच कळीच्या टोकावर. कळी वरून चिरत गेलेली, पाकळ्या मागे वळायला लागलेल्या, अजून पुरत्या वळलेल्या नाहीत. मध्ये हवेत परागाची पिवळी भुकटी, सुटलेली आणि अजून कुठेच न पोचलेली. पाखराचं कपाळ तिच्या वाटेत. डोळा उघडा, काळा, मोहरीच्या दाण्यापेक्षा मोठा नसेल, आणि तो त्या फुलाकडे बघतोय. हे आंब्याआंब्यावर रोज होत असतं, तू झोपलेला असताना, मी कचेरीत असताना, कोणी बघत असो नसो. मी तिथे मातीत बसून राहिले आणि मला हात जोडावेसे वाटले, तर हातात कॅमेरा. बाबा, देवळात मला असं कधी झालं नाही. तुला सांगायला हरकत नाही.

माझा हात त्या क्षणी थांबला होता का? मला माहीत नाही. आधीचे सगळे पुसट, नंतरचे सगळे पुसट, मधला हा एक स्वच्छ. कदाचित हात हलता हलता नेमका तिथे गेला. कदाचित खरंच थांबला. हे मला कधी कळणार नाही, आणि त्या दिवशी तुझी पाकळी कशाने पडली हे तुलाही कळलं नसणार. तू तेवढं न कळणं घेऊन चाव्या देऊन आलास आणि मागे जाऊन मजेत बसलास. मी मात्र इतकी वर्षं तुला लोकांनी हरवलं असं समजत होते. वयनीला कॅमेऱ्यातच फोटो दाखवला. तिने ओले हात लुगड्याला पुसले, बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाली, "दर वर्सा हय येता, आनी माका कधी दिसूक नाय." सोमवारी तिने बांडगूळ कापलं ते कापलंच. नंतर भेटले तेव्हा मी त्या उघड्याबोडक्या झाडाकडे बघत होते, तर तीच हसायला लागली, म्हणाली, कापून खय जाता ता, पाखरांच पेरतत ना.

मी तो फोटो फोनवर आमच्या गटात टाकला आणि तिथे एकच गजबज झाली. निवृत्त झालेले एक इंजिनियर आहेत, भले गृहस्थ, त्यांनी लिहिलं की हल्लीच्या लेन्सा हात हलला तरी सावरून घेतात, कमाल आहे. ते लेन्सचंच कौतुक करत होते, माझ्या हाताचं त्यांना काय ठाऊक. मला तो चौकातला गांवकार आठवला आणि गंमत वाटली. राग आला नाही. मग कोणीतरी लिहिलं की बाईंनी नव्या मुलांना लेन्स हातात धरायची कशी ते एकदा दाखवावं. बाकीच्यांनी लगेच दुजोरा दिला. उद्या, रविवारी, मांद्रेला जायचंय, तिथेच दाखवा म्हणाले. आणि मी त्या भरात हो म्हटलं.

तेव्हा उद्या सकाळी सगळे गोल करून उभे राहतील आणि माझ्या हाताकडे बघतील. लेन्स उचलली की हात हलणार. लपवता येणार नाही, कारण दाखवायचा आहे तो हातच. तू समईच्या उजेडात हात वर केलास तो मला इतके दिवस केविलवाणा वाटत होता. आता मी तो पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणते, ते वर करणं कसं केलंस ते बघायला, जसं शिंपी पक्ष्याने धागा कसा ओढला ते बघते. मला त्यांना सांगायचं आहे की माझा हात असा आहे, आणि तरी पाखरू दिसतं. पुढे लेन्स उचलता येणार नाही तेव्हाही मी आंब्याखाली येऊन बसणार आहे. एवढी दोन-तीन वाक्यं. पाठ केली आहेत.

यांची स्कूटर फाटकाशी वाजली, आवरतं घेते. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, कपाटात साड्यांखाली जाईल. एक गोष्ट राहिली. सकाळपासून फोनमध्ये मी गटासाठी एक निरोप लिहून ठेवला आहे: ताप आला आहे, उद्या येऊ शकत नाही, क्षमस्व. तो अजून पाठवलेला नाही, बाबा. पण पुसलेलाही नाही.